यंत्रपालट आणि शिकविणाऱ्या संस्थांचे नेतृत्व

'नेतृत्व' हा शब्द उच्चारला की आपल्या डोळ्यांपुढे व्यासपीठ उभे राहते. हार, खुर्ची, पाण्याचा पेला आणि मागे कापडी फलक. शिक्षणसंस्थेच्या नेतृत्वाविषयी बोलावयाचे म्हटले म्हणजे संस्थापकांची, देणगीदारांची आणि अध्यक्षांची नावे निघतात. त्यांच्याविषयी आम्हांस आदर आहे. ठाण्या-कल्याणातील किती तरी शाळा-महाविद्यालये अशाच गृहस्थांच्या पायपिटीतून उभी राहिली. परंतु शिकविण्याचा विषयच जेव्हा पालटू लागतो, काल जे यंत्र शिकविले ते आज कारखान्यात दिसत नाही अशी वेळ येते, तेव्हा नेतृत्वाला व्यासपीठावरून उतरून कर्मशाळेच्या दारात यावे लागते. तेथे त्याची परीक्षा होते.

आम्ही कामगार-चळवळीतली माणसे. आमचा वावर फिटर, टर्नर, वायरमन यांच्यात. म्हणून या विषयासाठी आम्ही महाविद्यालय न घेता औद्योगिक प्रशिक्षण संस्था, म्हणजे लोकांच्या तोंडचे 'आयटीआय', घेणार आहोत. महाविद्यालयाच्या प्राचार्यांनी राग मानू नये. आयटीआयच्या पत्र्याच्या शेडमध्ये जे घडते तेच त्यांच्या संगणक-कक्षातही घडते. फक्त तेथे ते वातानुकूलित असते.

आपला हा टापू यंत्रपालटाचा जुना अनुभवी आहे. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदराहून ठाण्याला गाडी आली, पुढच्याच वर्षी १ मे रोजी ती कल्याणला पोचली. १९२५ साली मुंबईत विजेची गाडी सुरू झाली आणि १९२९-३० पर्यंत कल्याणहून पुण्याकडे व इगतपुरीकडे विजेच्या तारा गेल्या. त्या विजेसाठी ठाकुर्लीला चोळ्याचे वीजघर धुराडी उभारून बसले होते. जुन्या डोंबिवलीकरांना ती आठवत असतील. पुढे अंबरनाथचे शस्त्रास्त्र-कारखाने आले. १ ऑगस्ट १९६२ रोजी औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले आणि वागळे इस्टेट ही त्याची पहिली वसाहत ठरली. यांतले किती राहिले आणि किती गेले, हे वागळे इस्टेटमधून एक चक्कर मारली तरी समजते: जेथे पत्र्याच्या शेडमध्ये लेथ फिरत होते तेथे आता काचेच्या इमारती आहेत. इकडे रेल्वेने तर वीजही बदलली. पंधराशे व्होल्टचा एकदिश प्रवाह टप्प्याटप्प्याने काढून पंचवीस हजार व्होल्टचा प्रत्यावर्ती प्रवाह आणला, आणि हे काम मुख्य मार्गावर २०१५ च्या जूनमध्ये मुंबईच्या टोकापर्यंत पुरे झाले. प्रवाशाला त्यातले फारसे काही जाणवले नाही, कारण रेल्वेने आपल्या माणसांना शिकविण्याची सोय स्वत:पाशी ठेवली होती.

ही सोय सर्वांपाशी नसते. छोट्या कारखान्यातला कामगार पूर्वी उस्तादाच्या हाताखाली शिकत असे. दोन वर्षे कचरा लोटायचा, मग कानस हाती मिळायची. उस्तादाला जे येत होते ते पोराला येई. उस्तादाला जे येत नव्हते ते येण्याचा मार्ग नव्हता. यंत्र सावकाश बदलत होते तोवर हे चालले. ते वेगाने बदलू लागल्यावर शाळा हवी झाली.

मुंबईत अशी शाळा निघाली ती १८८७ साली, गिरण्यांच्या भरभराटीच्या काळात. व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट, आजची वीरमाता जिजाबाई संस्था. गिरणीमालकांनी पैसा दिला आणि कारभारातही भाग घेतला. शिक्षण इंग्रजीत असल्यामुळे मागावरच्या विणकराला तिचा दरवाजा बंदच होता. तथापि संस्था मोठी झाली, यात शंका नाही. या संस्थेतील एक गोष्ट मात्र नेतृत्वाचा विचार करणाऱ्याने विसरू नये. तेथे लक्ष्मणराव किर्लोस्कर नावाचे एक तरुण शिक्षक यंत्रांची रेखाचित्रे काढावयास शिकवीत. बढतीची वेळ आली तेव्हा त्यांना डावलून ती जागा एका अँग्लो-इंडियन गृहस्थास देण्यात आली. लक्ष्मणराव नोकरी सोडून बेळगावला आपल्या भावाच्या सायकलच्या दुकानात गेले. पुढे कडबा कापण्याचे यंत्र, लोखंडी नांगर आणि १९१० साली किर्लोस्करवाडी. आपण ही कथा उद्योजकाच्या चिकाटीची म्हणून मुलांना सांगतो. ती संस्थाचालकांचीही कथा आहे. या देशात यंत्र कसे बनवावे हे दाखवून देणारा माणूस त्यांच्याच इमारतीत फळ्यापुढे उभा होता, आणि त्यांनी त्याची कातडी पाहिली.

आयटीआयचा जन्म निराळा. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस सैन्यातून परतणाऱ्यांना काम लावून द्यावयाचे, म्हणून केंद्र सरकारने १९४५ साली एक खाते उघडले; त्यातूनच १९५० साली कारागीर प्रशिक्षणाची योजना निघाली. १९५६ साली या संस्थांचा दैनंदिन कारभार राज्यांकडे आला आणि अभ्यासक्रम ठरविण्यासाठी एक राष्ट्रीय परिषद नेमली गेली. त्या परिषदेत सरकारे होती, मालकांच्या संघटना होत्या आणि कामगारांच्या संघटनाही होत्या. टर्नरला काय शिकवावे हे ठरविताना टर्नरच्या संघटनेला विचारावे, हे त्या वेळी कोणाला विशेष वाटले नाही. हा मुद्दा वाचकांनी ध्यानात ठेवावा. पुढे तो लागणार आहे.

आता यंत्र पालटले म्हणजे नेमके काय होते, ते एका लेथवरून पाहू.

जुन्या लेथवर टर्नर उभा राहतो तेव्हा त्याचे हात चाकांवर असतात. हत्यार धातूला भिडले की कीस निघतो, त्याचा आवाज होतो. काप जरा खोल गेला तर आवाज बदलतो, चाकातून तळहाताला थरथर समजते आणि डोक्याने हुकूम देण्यापूर्वीच हात मागे येतो. हे ज्ञान पुस्तकात नाही, ते मनगटात असते. संगणकाच्या आज्ञेने चालणाऱ्या लेथवर, ज्याला कामगार 'सीएनसी' म्हणतात, चाके नाहीत. तेथे आज्ञा लिहावयाच्या असतात. 'जी शून्य-शून्य' म्हणजे ठरल्या जागी झटकन जा. 'जी शून्य-एक' म्हणजे सरळ रेषेत, सांगितलेल्या गतीने, कापत जा. पुढे आकडे. वरकरणी हे चौथीच्या मुलालाही यावे इतके सोपे. पण बऱ्याच यंत्रांवर अशी गंमत आहे की ५० या आकड्यापुढचा दशांश-टिंब विसरला तर यंत्र ते ५० मिलिमीटर समजत नाही, मिलिमीटरचे ५० हजारांश समजते. ज्या हत्याराने जॉबपासून दूर थांबावयाचे ते थेट मध्यबिंदूकडे, आणि तेही झटक्याच्या गतीने, निघते. मध्ये फिरता जॉब असतो. एका टिंबापायी हत्यार मोडते, चक सरकते, कधी लाखाचे नुकसान होते. आवाज ऐकून हात मागे घेण्याला तेथे वेळ मिळत नाही.

यावरून काही लोक म्हणतात, आता कानस आणि चाकाचा लेथ अडगळीत टाका. मुलांना पडद्यापुढे बसवा. आमचे मत तसे नाही. धातू कसा कापला जातो हे ज्याच्या हाताने अनुभवले आहे, त्यालाच आज्ञेतला आकडा अवास्तव आहे हे वाचताक्षणी समजते. उलट, कानसच धरून बसणाऱ्या संस्थेतून निघालेला मुलगा कारखान्याच्या फाटकावरून परत येतो. किती तास कानस, किती तास पडदा, आधी काय, मागून काय, हा तोल सांभाळणे हे या शिक्षणाचे मर्म आहे. अभ्यासक्रम दिल्लीहून येतो हे खरे. पण हातात असलेल्या एका यंत्रावर कोण, केव्हा, किती वेळ उभा राहील हे दिल्ली ठरवीत नाही. हिशेब करून पाहावा. वीस मुलांची तुकडी, एक यंत्र, आणि ते दिवसाकाठी चार तास चालले, तर एका मुलाच्या वाट्याला बारा मिनिटे येतात. यंत्र दुसऱ्या पाळीतही चालविले तर चोवीस. यंत्र झाकूनच ठेवले तर शून्य.

झाकून ठेवतात का, असे कोणी विचारील. ठेवतात. आमच्या माहितीतल्या एका संस्थेत असे यंत्र आले, मंत्रिमहोदयांच्या हस्ते नारळ फुटला आणि त्यानंतर वर्षाहून अधिक काळ ते प्लॅस्टिकच्या कापडाखाली होते. आम्ही निदेशकांना कारण विचारले. पहिले कारण विजेच्या जोडणीचे निघाले, ते खरेच होते. दुसरे कारण चहा पिताना निघाले, आणि ते अधिक खरे होते. यंत्र मोडले तर त्याची वसुली आपल्या पगारातून होईल, अशी त्यांना धास्ती होती. तीन दिवसांच्या प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र त्यांच्यापाशी होते. ते तीन दिवस भाषणांत गेले होते. त्यांतला एक तासिका तत्त्वावरचा, पुढच्या वर्षी असेल की नाही ठाऊक नाही. त्याने कशासाठी हात घालावा? या माणसांना कोणी 'नव्या तंत्राला विरोध करणारे' म्हणेल. आमच्या कामगारांनाही हेच विशेषण कैकदा लागले आहे, म्हणून त्याची किंमत आम्हांस ठाऊक आहे.

दुसऱ्या एका संस्थेत, जिल्हा तोच, परिस्थिती तशीच, पण प्राचार्य निराळे होते. त्यांनी यंत्र येण्याच्या सहा महिने आधी दोन निदेशकांना जवळच्या एका वर्कशॉपमध्ये पाठविले. मालकाशी बोलणे केले, आणि निदेशक आठवड्यातून दोन संध्याकाळी तेथे जाऊन ऑपरेटरच्या शेजारी उभे राहू लागले. पंचावन्न वर्षांचा निदेशक पंचविशीतल्या पोराकडून शिकतो आहे, हे दृश्य पाहण्यासारखे होते. पोराला त्यात अभिमान आणि निदेशकाला सुरुवातीस थोडा संकोच. मग प्राचार्यांनी एक वही घातली. तिचे नाव 'मोडतोड वही'. हत्यार मोडले की त्यात तारीख, कोणती आज्ञा दिली होती आणि काय झाले ते लिहावयाचे, शिक्षा नाही. खाली प्राचार्यांची सही. त्या सहीने जबाबदारी निदेशकाच्या खांद्यावरून उचलून त्यांनी स्वत:च्या खांद्यावर घेतली होती. वर्षअखेर ती वही त्या संस्थेतले सर्वांत उपयुक्त पाठ्यपुस्तक झाली. नवी तुकडी आली की पहिल्या आठवड्यात ती मोठ्याने वाचली जाई. आम्हांस नेतृत्वाची व्याख्या विचाराल तर आम्ही ती वही दाखवू. त्या प्राचार्यांचे नाव कोणत्याही फलकावर नाही, आणि तीन वर्षांत त्यांची बदली झाली हे वेगळे सांगावयास नको.

व्यक्ती चांगली असली की काम होते. ती गेली की यंत्रावर पुन्हा कापड चढते. म्हणून प्रश्न व्यक्तीवर सोडता येत नाही, कारभाराच्या रचनेकडे वळावे लागते.

२००७-०८ साली केंद्र सरकारने देशातल्या १३९६ सरकारी आयटीआयचा दर्जा वाढविण्याची योजना आणली. प्रत्येक संस्थेला अडीच कोटी रुपयांपर्यंत बिनव्याजी कर्ज, आणि ते वापरण्यासाठी एक संस्था व्यवस्थापन समिती. समितीचा अध्यक्ष उद्योगपती, त्याने सुचविलेले स्थानिक उद्योगांचे चार सभासद, सरकारने नेमलेले पाच, त्यांत एक निदेशक आणि एक प्रशिक्षणार्थी, प्राचार्य सचिव. वीस टक्क्यांपर्यंत जागांवर प्रवेश देण्याचा अधिकारही समितीला दिला होता. विचार वाईट नव्हता. बाजारात कोणते यंत्र आले आहे हे मालकाला सरकारी कार्यालयाच्या आधी समजते. त्याला समितीत घेतलेच पाहिजे. पण मालकाला माणूस हवा असतो तो येत्या दोन वर्षांच्या ऑर्डरींसाठी. मुलाला मात्र पुढची चाळीस वर्षे काढावयाची असतात. पहिल्याला वाटते, माझ्याच यंत्राचे बटण दाबता आले की पुरे. दुसऱ्याला ते यंत्र गेल्यावर पुढचे शिकण्याइतका पाया हवा असतो. ही दोन्ही मागणी रास्त आहेत आणि ती नेहमी जुळत नाहीत. ती समितीच्या टेबलावर भिडावीत, तर दुसरी मागणी करणारे तेथे कोणी पाहिजे. अठरा-वीस वर्षांच्या एका प्रशिक्षणार्थ्याने उद्योगपती-अध्यक्षापुढे ती मांडावी ही अपेक्षा फार झाली. १९५६ साली दिल्लीच्या परिषदेत कामगार-संघटनेला जी खुर्ची होती, ती वागळे इस्टेटच्या किंवा अंबरनाथच्या पातळीवर पन्नास वर्षांनी कोणाला आठवली नाही.

कामगार-संघटना समितीत आली तर प्रत्येक यंत्राला अडवील, ही भीती आम्ही अनेकांच्या तोंडून ऐकली आहे. तिला बँकांचे उदाहरण पुरेसे आहे. बँकांतील संगणकाला संघटनांनी विरोध केला, संप झाले, हे खरे. पण १९८३ साली करार झाला: कोणत्या कामाला यंत्र, किती यंत्रे, याच्या मर्यादा ठरल्या, आणि पुढच्या करारांनी त्या पायरीपायरीने वाढविल्या. खातेवहीवर आयुष्य घालविलेले कारकून पडद्यापुढे बसावयास शिकले. बोलणे झाले म्हणून शिकणे झाले.

हा प्रश्न केवळ नोकरीचा असता तर आम्ही इतका आग्रह धरला नसता. डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीत २६ मे २०१६ रोजी स्फोट झाला, आणि पुन्हा २३ मे २०२४ रोजी. दोन्ही वेळा माणसे मेली, आसपासच्या घरांच्या काचा फुटून गृहिणी आणि मुले रक्तबंबाळ झाली. त्या स्फोटांची कारणे ठरविणे हे चौकशीचे काम आहे. आम्ही ते आमच्याकडे घेत नाही. पण रासायनिक कारखान्यात तापमान आणि दाब आता पडद्यावर दिसतात आणि पडद्यापुढे उभा असलेला माणूस पुष्कळदा ठेकेदाराकडचा, सहा महिन्यांपूर्वी आलेला असतो, हे आम्ही रोज पाहतो. आयटीआयमध्ये रासायनिक संयंत्र चालकाचा रीतसर दोन वर्षांचा अभ्यासक्रम आहे. आकडा चढू लागला तर कोणती झडप आधी बंद करावयाची, आणि मुकादम 'चालू ठेव' म्हणाला तर काय करावयाचे, यांतला पहिला प्रश्न त्या अभ्यासक्रमात आहे. दुसरा कोठेच नाही. मालकाने भरलेल्या समितीत तो कोण विचारणार?

२०२० च्या टाळेबंदीत सर्व शिक्षण भ्रमणध्वनीवर गेले, तेव्हा एक चमत्कारिक गोष्ट आम्ही उल्हासनगरच्या एका चाळीत पाहिली. फिटरचे शिक्षण घेणारा मुलगा फोनवर कानस चालविण्याचे चलच्चित्र पाहत होता, आणि शेजारी त्याचे निवृत्त फिटर आजोबा "कोपर वर आलं, कोपर वर आलं," म्हणून त्या चित्रातल्या माणसाच्या चुका काढीत होते. फोनने अक्षरे पोचविली, आकृत्या पोचविल्या. कोपर आजोबांनी पोचविला. निवृत्त माणसांचे हे भांडवल आपल्या तिन्ही शहरांत घरोघर पडून आहे. आज या सभागृहातही ते पुष्कळ बसले असेल.

२०२५ साली केंद्र सरकारने एक हजार सरकारी आयटीआयसाठी पाच वर्षांत साठ हजार कोटी रुपयांची योजना मंजूर केली. दोनशे संस्था केंद्रस्थानी, आठशे त्यांना जोडलेल्या. मालकी सरकारची, कारभार उद्योगांच्या हाती. आकडा मोठा आहे आणि आम्ही त्याचे स्वागतच करतो. यंत्रे येतील, चांगली येतील. त्यांबरोबर आमच्या तीन मागण्या आहेत, आणि त्यांना खर्च फार नाही. स्थानिक समितीत कामगारांचा एक प्रतिनिधी असावा, आणि तो शक्यतो यंत्रावर काम करणारा असावा. आमच्यासारखा कचेरीत बसणारा नको. यंत्राची मागणी नोंदविण्याआधी ते शिकविणाऱ्या निदेशकाला निदान तीन महिने कारखान्यात पाठवावे, आणि तो काळ त्याच्या सेवेत धरावा. आणि यंत्र दुसऱ्या पाळीत चालू ठेवावे, त्यासाठी निवृत्त कारागिरांना मानधनावर बोलवावे. त्यांना मुलांपुढे उभे राहण्यास पदवी विचारू नये. जॉब हातात द्यावा आणि मापून घ्यावा.

प्रवेशाचे अर्ज दहावीच्या निकालानंतर निघतात. ज्या पालकांची मुले यंदा आयटीआयला जाणार आहेत त्यांनी संस्था पाहावयास जाताना इमारत आणि फलक पाहण्याआधी कर्मशाळेत जावे, नवे यंत्र कोणते ते विचारावे, आणि त्यावरचे कापड कधी काढले होते तेही विचारावे. मुलाला त्या यंत्रावर आठवड्याला किती मिनिटे मिळतील, हा प्रश्न प्राचार्यांना उभ्या उभ्या विचारता येतो.